इंजिन बदलल्यावर ऑइल प्रेशर गेज चुकीचं दाखवतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं की सगळ्यात आधी संशय येतो तो ऑइल प्रेशरच्या काट्यावर. खालचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंजिन बदललं आणि गेज भलतंच काही दाखवतंय. सुरुवात कुठून करू?

मेकॅनिकल टेस्ट गेजपासून. डॅशबोर्ड उघडू नका, सेंडर (इंजिनवर बसून गेजला प्रेशर कळवणारा भाग) विकत आणू नका, वायरिंग तर अजिबात कापू नका. आधी खरं प्रेशर किती आहे ते कळायला हवं, नाहीतर गेज खोटं बोलतंय की इंजिन आजारी आहे हे ठरवायला आधारच राहत नाही.

० ते ७ बार किंवा ० ते १०० पीएसआय मापाचं, लवचिक होज असलेलं टेस्ट गेज घ्या. सेंडर काढून त्याच भोकात ते बसवा. सेंडर आणि टेस्ट गेज एकाच वेळी बघायचं असेल तर मध्ये टी-फिटिंग लावा, म्हणजे दोघांची तुलना जागेवरच होते. होज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज वायपरखाली काचेवर अडकवता येतं. होज एक्झॉस्टला किंवा फॅनला लागत नाही ना, ते आधी बघा. गाडी वीसेक मिनिटं चालवून ऑइल खरोखर गरम होऊ द्या. मग आयडलला, २००० आणि ३००० आरपीएमला दोन्ही गेजचे आकडे कागदावर लिहा. हा कागद पुढे प्रत्येक पायरीला लागतो.

टेस्ट गेज ठीक आणि डॅशबोर्डचं चूक, तर प्रश्न ४ पासून पुढे वाचा. टेस्ट गेजही कमीच दाखवत असेल तर इंजिन चालवणं थांबवा आणि थेट प्रश्न १८ ला या.

२. गरम इंजिनला किती प्रेशर असायला हवं?

त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असेल तेवढं. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा आता उपयोगाचा नाही, कारण तो जुन्या इंजिनचा आहे. नेमकी इथेच खूप जणांची गफलत होते.

अंदाज हवा असेल तर जुन्या व्ही-८ इंजिनांसाठी दर १००० आरपीएममागे १० पीएसआय हा ठोकताळा अजून चालतो. पण नव्या इंजिनांचे किमान आकडे त्यापेक्षा खाली असतात. जीएमच्या (जनरल मोटर्स) एलएस या नव्या व्ही-८ इंजिनांना गरम स्थितीत किमान १००० आरपीएमला ६, २००० ला १८ आणि ४००० ला २४ पीएसआय पुरतं. उलट एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मूळ इंजिनला चालत्या गाडीत ५० ते ८० आणि आयडलला १० ते २५ पीएसआय अपेक्षित असतं. म्हणजे एमजीबीच्या डायलवर अर्ध्याच्या वर काटा बघायची सवय असलेल्या माणसाला नव्या इंजिनचं निरोगी प्रेशरसुद्धा धडकी भरवू शकतं.

एककं सांभाळा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. १ किलो प्रति चौरस सेंमी म्हणजे १४.२ पीएसआय.

३. पहिल्यांदाच सुरू केलं आणि काटा हललाच नाही. किती वेळ थांबायचं?

दहा सेकंद, जास्त नाही. बंद करा.

खरं तर तिथपर्यंत वेळ येऊच देऊ नये. स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल तोडा आणि दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत सेल्फ मारा, मध्ये मोटरला थंड होऊ द्या. टेस्ट गेजचा काटा उठला की मगच प्लग बसवा. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालणारा ऑइल पंप असेल तर डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवता येतो: स्मॉल ब्लॉक शेवरोलेला घड्याळाच्या दिशेने, स्मॉल ब्लॉक फोर्डला उलट. शेवरोलेच्या बाबतीत नुसता दांडा चालत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या बुंध्यासारखी गॅलरी (ब्लॉकमधली ऑइलची वाट) बंद करणारं प्रायमिंग टूल लागतं. ते नसेल तर ऑइल तिथूनच बाहेर पडतं, प्रेशर बनत नाही आणि पंप खराब आहे असा भ्रम होतो.

४. गेज आणि सेंडरची जोडी लागते म्हणतात, म्हणजे नक्की काय?

इलेक्ट्रिक गेज प्रेशर मोजत नाही. ते सेंडरमधला रोध मोजतं आणि त्या ओहमला पीएसआयचा मुखवटा चढवतं. कोणत्या ओहमला कोणतं प्रेशर, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं आहे. इंजिन बदललं की बहुतेक वेळा सेंडर नव्या इंजिनबरोबर येतो आणि गेज जुन्या गाडीचं राहतं. जोडी तिथेच फुटते.

जुन्या गाड्यांत मुख्यतः हे चार प्रकार भेटतात:

- जीएम: शून्य प्रेशरला साधारण ० ते १ ओहम, पूर्ण स्केलला ९०.
- व्हीडीओ (जर्मन गेज कंपनी) आणि बरेच युरोपीय: शून्याला १०, पूर्ण स्केलला सुमारे १८०.
- स्ट्युअर्ट वॉर्नर, ऑटो मीटर आणि बाजारातली अनेक शॉर्ट-स्वीप (काटा पाव वर्तुळाएवढाच फिरणारी) गेज: शून्याला २४०, पूर्ण स्केलला ३३.
- जुनी फोर्ड आणि क्रायस्लर: शून्याला सुमारे ७३, पूर्ण स्केलला १०, यांना १२ नव्हे, सरासरी ५ व्होल्ट मिळतात (प्रश्न ११).

पहिल्या दोघांत प्रेशर वाढलं की ओहम वाढतात, शेवटच्या दोघांत कमी होतात. निदानाची अर्धी लढाई या एका फरकावर जिंकता येते.

ओहम जुळले तरी स्केल जुळायला हवं. व्हीडीओचा ५ बारचा आणि १० बारचा सेंडर दोन्ही १० ते १८० चेच. ५ बारचा सेंडर १० बारच्या गेजला जोडला तर गेज जवळजवळ दुप्पट दाखवतं, उलट जोडला तर निम्मं. जीएमच्या ६० आणि ८० पीएसआयच्या गेजमध्येही तोच घोटाळा होतो, फक्त फरक एक तृतीयांशाचा. सेंडरच्या षट्कोनावर किंवा डब्यावर बारचा आकडा कोरलेला असतो. ग्रीस पुसून वाचा.

काही जुन्या जपानी आणि ब्रिटिश गाड्यांत सेंडरमध्येच द्विधातूची पट्टी असते आणि ती संपर्क जोडत-तोडत राहते. अशा सेंडरचे ओहम मल्टिमीटरवर मोजून काहीच कळत नाही. तिथे मूळ जोडी ठेवा किंवा दोन्ही बदला.

५. माझं गेज यातलं कोणतं, हे कसं ओळखू?

इंजिन बंद, चावी चालू. सेंडरची वायर काढून हवेत मोकळी धरा आणि काटा बघा. मग तीच वायर दोन-तीन सेकंद इंजिनला टेकवा.

वायर मोकळी असताना काटा शेवटाला गेला आणि अर्थ केल्यावर शून्यावर आला, तर गेज जीएम किंवा व्हीडीओ कुळातलं. मोकळी असताना शून्य आणि अर्थ केल्यावर फुल, तर दुसऱ्या कुळातलं. फोर्ड-क्रायस्लर प्रकारात वायर थेट अर्थला धरून ठेवू नका, आतली तापणारी तार जळते. १० ओहमचा रेझिस्टर मध्ये घ्या. शिवाय ही गेज आळशी असतात, काटा स्थिरावायला अर्धा मिनिट घेतात. तेवढा धीर धरा.

कुळ कळल्यावर सेंडरऐवजी दोन वॉटचे रेझिस्टर लावून बघा. ९० ओहमला (१८० चे दोन समांतर जोडले की ९० होतात) काटा फुल गेला तर जीएम, मधोमध थांबला तर व्हीडीओ. दुसऱ्या कुळात ३३ ओहमला फुल म्हणजे २४०-३३. अर्ध्याच्याही खाली राहिला तर फोर्ड प्रकार. ही चाचणी करताना गेज, त्याची वायर आणि त्याचा पुरवठा तिन्ही तपासून होतात. रेझिस्टरला बरोबर वागणारं गेज निर्दोष समजा आणि पुढचा शोध सेंडर आणि अर्थिंगकडे वळवा.

६. जोडी चुकली असेल तर काटा कसा वागतो?

कुळच उलटं असेल तर लगेच कळतं: इंजिन बंद असताना काटा फुल, आणि रेस वाढवली की खाली. यात फसायला होत नाही.

फसवतात ती एकाच दिशेची चुकीची जोडपी. ६० पीएसआयच्या जीएम गेजला व्हीडीओचा ५ बारचा सेंडर लावा. इंजिन बंद असताना काटा ७ पीएसआयच्या आसपास, हे लक्षातही येत नाही. प्रत्यक्षात २ बार, म्हणजे २९ पीएसआय झालं की सेंडर सुमारे ८२ ओहम देतो आणि गेज ५५ दाखवतं. प्रेशर निम्म्यावर आलं तरी डॅशबोर्डवर सगळं आबादीआबाद. उलट जोडी, म्हणजे व्हीडीओच्या गेजला जीएमचा सेंडर, खऱ्या ६० पीएसआयला ३२ च्या आसपास दाखवते. ही घाबरवते, पण इंजिन मारत नाही.

२४०-३३ चं गेज आणि फोर्डचा सेंडर एकत्र आले तर इंजिन बंद असतानाच काटा अर्ध्याच्या वर उभा असतो.

कमी दाखवणारी चूक सहन करता येते. जास्त दाखवणारी चूक सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

७. मध्ये एखादा रेझिस्टर टाकून जुळवता येणार नाही का?

एका बिंदूवर जुळतं, बाकी सगळीकडे चुकतं. उदाहरणच घ्या. १०-१८० चा सेंडर जीएम गेजला जोडायचा म्हणून सेंडरला समांतर १८० ओहम लावला. टोकाला १८० आणि १८० मिळून ९०, म्हणजे फुल स्केल, छान वाटतं. पण १ बारला सेंडर ४८ ओहम देतो आणि समांतर जोडणीत त्याचे ३८ होतात. ६० पीएसआयच्या गेजवर तो काटा २५ वर जातो. खरं प्रेशर १४.५. म्हणजे गरम आयडलला, जिथे अचूकता सगळ्यात जास्त हवी, तिथेच गेज सगळ्यात जास्त थाप मारतं.

एकसर रेझिस्टर तर नुसताच आकडा सरकवतो. उलट्या कुळांना जुळवणं कोणत्याही साध्या रेझिस्टरने शक्य नाही.

चालणारे मार्ग दोन. पहिला आणि उत्तम: गेजच्या जोडीचा सेंडर नव्या इंजिनला अडॅप्टरने बसवणं (प्रश्न ८). दुसरा: सेंडर आणि गेजच्या मध्ये बसणारा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर, ज्यात चार-पाच बिंदू टेस्ट गेज समोर ठेवून भरता येतात. कन्व्हर्टर वापरणार असाल तर त्यातला एक बिंदू गरम आयडलचा आणि एक शून्याचा असायलाच हवा.

८. गेजच्या जोडीचा सेंडर नव्या इंजिनच्या भोकात अर्धाच जातो. आणखी जोर लावू का?

नाही! आटे वेगळे आहेत. एनपीटी हा अमेरिकी निमुळत्या आट्यांचा प्रकार, बीएसपीटी ब्रिटिश, आणि 'एम' म्हणजे मेट्रिक. १/८ एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन; १/८ बीएसपीटीला इंचाला २८ आटे आणि ५५ अंश; एम१०×१ ला एक मिलिमीटरचा पिच. तिघांचा व्यास १० मिमीच्या आसपास असल्यामुळे एक-दोन वेढे तिन्ही एकमेकांत गोडीगुलाबीने जातात आणि मग अडकतात. तिथून पुढे पाना लावला तर ॲल्युमिनियमचं हाउसिंग तडकतं किंवा आटे उडतात.

साधारण ओळख अशी: अमेरिकी इंजिनांना एनपीटी, जपानी इंजिनांना १/८ बीएसपीटी, फोक्सवॅगनच्या बऱ्याच इंजिनांना एम१०×१, एलएसला एम१६×१.५, स्मॉल ब्लॉक फोर्डला १/४ एनपीटी. ओळखीवर विसंबू नका, पिच गेज लावून मोजा.

अडॅप्टर एकच घ्या. दोन-तीन पितळी बुश एकमेकांत खोचून त्यांच्या टोकाला सेंडरचा जड डबा लटकवला की इंजिनच्या थरथरीने पितळ आट्यांपाशी तुटतं आणि सगळं ऑइल बाहेर येतं. जागा अडचणीची असेल तर स्टीलची वेणी असलेली होज घालून सेंडर फायरवॉलवर क्लॅम्पने बसवा, आणि त्याला वेगळी अर्थ वायर द्या. होजमधून अर्थ मिळेल यावर भरवसा ठेवू नका. सेंडर कसताना पाना षट्कोनावरच लावायचा. डब्याला पकडून पिळला की आतली जोडणी हलते आणि नवा सेंडर पहिल्याच दिवशी निकामी होतो.

९. सेंडरला टेफ्लॉन टेप लावायची का?

निमुळत्या आट्यांना सीलंट लागतं, पण टेपपेक्षा द्रव थ्रेड सीलंट बरं. टेपचा सुटलेला तुकडा ऑइल गॅलरीत गेला तर तो कुठे अडकेल सांगता येत नाही. टेपच वापरायची असेल तर पुढचे दोन आटे मोकळे ठेवून दोन वेढे पुरे. कसलेले आटे बहुधा टेप कापून धातूला भिडतात, पण जाड थर असेल तर सेंडरचा अर्थ तुटतो. बसवल्यावर सेंडरचा डबा आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावून खात्री करा. सरळ आट्यांना सीलंट नाही, तांब्याचा किंवा बाँडेड वॉशर.

१०. हेडलाइट किंवा ब्लोअर लावला की प्रेशरचा काटा हलतो. हे कसं?

अर्थिंग. इंजिन बदलीनंतरचा हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष, आणि बहुतेक वेळा तो फुकटात दुरुस्त होतो.

एक वायर असलेला सेंडर आपल्या अंगातूनच अर्थ घेतो: सेंडर, ब्लॉक, इंजिनची अर्थ पट्टी, बॉडी. इंजिन बदलताना ही पट्टी राहून जाते, किंवा नव्याने रंगवलेल्या ब्लॉकवर बसते, किंवा पावडर कोटिंग केलेल्या ब्रॅकेटवर. रबरी माउंट विजेसाठी भिंतच. मग परतीचा प्रवाह क्लच केबल, थ्रॉटल केबल, स्पीडोमीटर केबल अशा आडवाटांनी जातो. ४० अँपियरचा भार अवघ्या ०.०१ ओहमच्या जोडातून गेला तरी ०.४ व्होल्टचा फरक पडतो, आणि गेज तो फरक प्रेशर म्हणून वाचतं.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, लाल सेंडरच्या डब्याला. इंजिन चालू, लाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. मग लाल तार गेजच्या अर्थ खिळ्यावर नेऊन तीच चाचणी. जास्त आलं तर ब्लॉक ते चेसिस किमान १६ चौरस मिमीची पट्टी नव्याने लावा, दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत धातूपर्यंत खरवडा, आणि चेसिसपासून डॅशबोर्डच्या अर्थ खिळ्यापर्यंत एक वेगळी वायर टाका.

एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. जीएम आणि व्हीडीओ कुळात खराब अर्थ किंवा गंजलेला कनेक्टर म्हणजे जादा ओहम, आणि जादा ओहम म्हणजे गेजवर जास्त प्रेशर. जीएमच्या ६० पीएसआयच्या गेजवर १० ओहमचा गंज सुमारे ७ पीएसआय फुकट वाढवून दाखवतो. २४०-३३ आणि फोर्ड प्रकारात तोच गंज प्रेशर कमी दाखवतो.

११. प्रेशरबरोबर टेम्परेचरचा आणि पेट्रोलचा काटाही एकदमच चुकायला लागला. तिन्ही सेंडर बिघडले?

तिन्ही एकदम बिघडत नाहीत. सगळ्यांना पुरवठा करणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. फोर्ड-क्रायस्लरमध्ये तो सरासरी ५ व्होल्ट देतो, स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या इलेक्ट्रिक गेजसाठी १० व्होल्ट. जुना स्टॅबिलायझर जोडत-तोडत चालतो, त्यामुळे डिजिटल मीटरवर आकडा उड्या मारतो. तो दोष नव्हे. कायम १२ च्या वर मिळत असेल तर मात्र त्याचे संपर्क चिकटले आहेत किंवा त्याच्या डब्याचा अर्थ गेला आहे. डॅशबोर्ड काढून परत बसवताना हा अर्थ बऱ्याचदा विसरला जातो.

बदली म्हणून ७८०५ किंवा ७८१० या आयसीवर बनवलेला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर चांगला चालतो. त्याला ध्रुवता कळते, हे ध्यानात ठेवा (प्रश्न १७).

१२. काटा नेहमी मधोमध. आयडलला, चार हजारला, थंड, गरम, कधीही. इतकं स्थिर प्रेशर असतं का?

नसतं. तुमच्याकडे सेंडरऐवजी स्विच आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फोर्डने बऱ्याच मॉडेलांत गेजच्या जागी हे नाटक सुरू केलं: काही पीएसआयला सर्किट जोडणारा स्विच आणि सर्किटमध्ये सुमारे २० ओहमचा रेझिस्टर, की काटा मधोमध उभा. माझदा एमएक्स-५ मध्ये १९९४ पर्यंत खरं गेज होतं, १९९५ पासून असंच दिखाऊ.

त्या काळातलं इंजिन आणि त्याचाच सेंडर बसवला असेल तर आधी सेंडरचा आकार बघा. खरा सेंडर लहान डब्याएवढा असतो, स्विच अंगठ्याएवढा. खरा सेंडर बसवताना क्लस्टरमागचा तो रेझिस्टर काढून तिथे साधी वायर जोडावी लागते, नाहीतर गेज कायम कमी दाखवत राहतं.

१३. नव्या इंजिनच्या सेन्सरला तीन वायर आहेत. जुन्या गेजला कोणती जोडू?

एकही नाही. तो रोध देणारा सेंडर नाही. ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल अशा त्या तीन वायर असतात आणि प्रेशरप्रमाणे सिग्नल ०.५ पासून ४.५ व्होल्टपर्यंत चढतो. ओहम मोजणारं जुनं गेज त्याला जोडलं तर आकडा चुकतोच, वर इंजिनच्या ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) ५ व्होल्टची लाइन खाली ओढली जाऊन इतर सेन्सरही बिघडल्यासारखे दिसतात.

ईसीयूला तो सेन्सर हवा असेल तर तो जागेवर राहू द्या आणि टी-फिटिंगने गेजचा स्वतःचा सेंडर वेगळा लावा. ज्या एलएस पिढीत काही सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा असते, तिथे सेन्सरच्या खाली छोटी जाळी असते. ती गाळाने तुंबली की सेन्सर कमी आणि उशिरा दाखवतो. सेन्सर काढलाच आहे तर ती बदलून टाका.

१४. एकाच सेंडरवर गेज, वॉर्निंग दिवा आणि मागचं दुसरं गेज असं सगळं चालेल का?

दोन गेज एका साध्या सेंडरवर चालत नाहीत. दोघांचा प्रवाह एकाच रोधातून जातो आणि दोन्ही चुकतात. दोन गेजसाठी बनवलेला निम्म्या रोधाचा सेंडर मिळतो, तोच लागतो.

दिव्याचं मात्र जमतं. व्हीडीओच्या दोन टर्मिनलच्या सेंडरमध्ये 'जी' गेजसाठी आणि 'डब्ल्यूके' दिव्याच्या स्विचसाठी असतं. अदलाबदल झाली तर काटा एका टोकाला जाऊन बसतो आणि दिवा मंद पेटतो. दोन्ही स्वतंत्र हवे असतील तर टी-फिटिंग. आम्ही दिवा कधीच काढू देत नाही: काट्याकडे लक्ष जाईपर्यंत बेअरिंग गेलेली असते, दिवा डोळ्यात घुसतो.

१५. माझं गेज मेकॅनिकल आहे, बारीक नळीतून ऑइल थेट येतं. तेही इंजिन बदलल्यावर चुकतंय.

यात ओहमची भानगड नाही, त्यामुळे कारणंही थोडीच. काटा सावकाश चढतो-उतरतो: नळीत हवा अडकलेली आहे किंवा अडॅप्टरमधलं बारीक भोक तुंबलंय. इंजिन आयडलला ठेवून गेजमागचं नट किंचित सैल करा, खाली फडकं धरा, बुडबुडे संपून सलग ऑइल आलं की कसा. अडकलेल्या हवेने काटा मंद होतो. स्थिर झाल्यावरचा आकडा मात्र बरोबरच असतो.

इंजिन बंद असताना काटा शून्यावर येत नसेल तर आतली वळलेली बोर्डन नळी ताणली गेली आहे. थंड इंजिनला जोरात रेस दिली की नवा, ताकदवान पंप जुन्या ६० पीएसआयच्या गेजचं हे करू शकतो. गेज बदला किंवा दुरुस्तीला द्या.

तांब्याची नळी थरथरीने कडक होऊन तडकते, म्हणून इंजिनपाशी तिचे दोन-तीन सैल वेढे ठेवा. नायलॉनची नळी एक्झॉस्टजवळून नेऊ नका. नळी फुटली तर गरम ऑइल थेट पायांवर येतं.

१६. सेंडर कुठल्या भोकात लावला यानेही फरक पडतो का?

पडतो. पंपाच्या लगेच पुढे, फिल्टरच्या आधी लावला तर आकडा जास्त येतो, कारण फिल्टरमधली घट त्यात धरलेली नसते. थंड ऑइल आणि जुना फिल्टर असेल तर हा फरक चांगलाच वाढतो. सिलिंडर हेडच्या टोकाच्या भोकात लावला तर कमी येतो. मुख्य गॅलरी, फिल्टरच्या पुढे: बेअरिंगला जे मिळतं ते तिथे दिसतं. मॅन्युअलचे आकडे मूळ सेंडरच्या जागेचे असतात, म्हणून तुलनाही त्याच जागेवरून करा. रिमोट फिल्टर किंवा कूलरच्या सँडविच प्लेटमध्ये सेंडर लावलेला असेल तर ते भोक जाणाऱ्या बाजूचं आहे की परत येणाऱ्या, हे आधी शोधा.

१७. सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर नेली, शिवाय पॉझिटिव्ह अर्थ होता तो निगेटिव्ह केला. गेजचं काय?

मेकॅनिकल गेजला काहीच फरक पडत नाही. तापून वाकणाऱ्या द्विधातूच्या गेजला ध्रुवता कळत नाही, पण ६ व्होल्टचं गेज १२ वर जळतं. त्याला स्टॅबिलायझर द्या. वायरच्या गुंडाळीवर चालणाऱ्या गेजमध्ये ध्रुवता बघावी लागते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगवेगळे येतात, उलटा लावला तर क्षणात जातो.

याच संदर्भात विचारलं जातं की चावी बंद केल्यावर काटा मध्येच का थांबतो. गुंडाळीच्या अनेक गेजमध्ये काट्याला परत आणणारी स्प्रिंगच नसते, वीज गेली की तो असेल तिथे राहतो. तो दोष नाही. चावी चालू, इंजिन बंद, या स्थितीत मात्र तो शून्यावर यायलाच हवा.

१८. टेस्ट गेजही कमीच दाखवतं. आता?

मग गेजने आपलं काम केलं. आता इंजिन बघायचं, आणि बदलीच्या वेळी जे हाताळलं गेलं तिथून सुरुवात करायची.

पहिला संशय चेंबरवर, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यावर. नवं इंजिन जुन्या क्रॉसमेंबरवर बसावं म्हणून चेंबर बदलला जातो आणि त्यातून पंपाकडे ऑइल ओढणारी, टोकाला जाळी असलेली पिकअप नळी जुनीच राहते. जाळी आणि चेंबरचा तळ यांत साधारण ६ ते १० मिमी अंतर हवं. जाळी तळाला टेकली तर रेस वाढवल्यावर प्रेशर पडतं. फार वर राहिली तर वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर काटा खाली कोसळतो, कारण पंप हवा ओढतो. चेंबरच्या आत मातीचा गोळा चिकटवून, चेंबर गॅस्केटसह बसवून काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा.

दुसरा संशय एलएसच्या पिकअप नळीच्या ओ-रिंगवर. ती चेपली, फाटली किंवा चुकीच्या जाडीची असली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. काटा इंजिन थंड असताना चांगला आणि गरम झाल्यावर थरथरत खाली, ही तिची खूण. नेहमीपेक्षा एक लिटर जास्त ऑइल तात्पुरतं घालून आयडलला बघा: ओ-रिंग ऑइलमध्ये बुडाल्यावर प्रेशर सुधारलं तर दोषी सापडला. चाचणीनंतर जादा ऑइल काढून टाका.

त्यानंतर क्रमाने: डिपस्टिक नव्या चेंबरशी जुळते का (नसेल तर 'फुल' ची खूणच खोटी), ऑइलचा ग्रेड, कचरा अडकून उघडा राहिलेला रिलीफ व्हॉल्व्ह, बसवायचा राहिलेला गॅलरी प्लग. इतकं बघूनही गरम आयडलचं प्रेशर किमान आकड्याखाली असेल तर बेअरिंगची फट मोजायची वेळ आली. जाड ऑइल घालून काटा वर आणता येतो, फट तेवढीच राहते.

१९. सगळं जुळलं, तरी ३-४ पीएसआयचा फरक राहतो. तो काढता येईल का?

इतकी चूक जुन्या गेजना माफ आहे. पण फरक सगळीकडे सारखा आहे की फक्त टोकाला, हे प्रश्न १ मधल्या कागदावर बघा. आयडलला बरोबर आणि वर चुकत असेल तर सोडून द्या. आयडललाच चुकत असेल तर सेंडर काढून, रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरच्या हवेने १, २, ३, ४ बार देऊन त्याचे ओहम मोजा आणि प्रश्न ४ मधल्या पट्ट्याशी ताडून बघा. एकाच प्रकारच्या दोन नव्या सेंडरमध्येही फरक निघतो. जो शून्य आणि १ बारला जास्त अचूक असेल तो ठेवा. द्विधातूच्या काही गेजच्या पाठीमागे दोन छोटी दातेरी चाकं असतात, एक शून्यासाठी आणि एक टोकासाठी. रेझिस्टर लावून, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून ती एकेक दाता फिरवायची; एक हललं की दुसरं थोडं सरकतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात.